दर्ग्याच्या आवारातला केसपेपर

[दृश्य: दर्ग्याचं प्रवेशद्वार, सकाळची वर्दळ]

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा नावाचं गाव आहे. हजरत सय्यद अली मीरा दातार यांचा दर्गा इथे आहे. बाहेरची बाधा, करणी, झपाटल्याच्या तक्रारी घेऊन माणसं इथे येतात. मुसलमान येतात, हिंदूही येतात. काही जण महिनोन्‌महिने मुक्काम करतात. याच आवारात २००८ साली ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. मुजावर, म्हणजे दर्ग्याचे सेवेकरी, दुआ करतात आणि मानसोपचारतज्ज्ञ औषध लिहून देतात. ‘अल्ट्रुइस्ट’ ही स्वयंसेवी संस्था आणि गुजरात सरकार यांनी मिळून तो उभा केला. तपासणी मोफत, औषधंही मोफत.

आरोग्य विमा नसलेल्या घरात मानसिक आजार आला की डॉक्टरची फी, दर महिन्याच्या गोळ्या आणि बुडालेली मजुरी हे तिन्ही खर्च एकदम येतात. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. पण दर्गा किंवा देऊळ निवडलं जातं ते केवळ पैशांपायी नाही. तिथे कुणी वेडा म्हणत नाही. नातेवाईक सोबत राहू शकतात. शेजारी आपल्यासारखीच दहा घरं बसलेली असतात.

या सोबतीचा उपयोग होतो का, हे मोजूनही पाहिलं गेलं आहे. तामिळनाडूतल्या मुथुस्वामी मंदिरात राहायला आलेल्या ३१ रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामात त्यांच्या लक्षणांची तीव्रता मोजणारे गुण जवळपास २० टक्क्यांनी उतरले. तिथे खास विधी नव्हते. छोटी-मोठी कामं आणि आपुलकी, एवढंच होतं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे या आकड्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी आधाराचं वातावरण हा उपचाराचा भाग असू शकतो, एवढं त्यातून सुचतं.

[दृश्य: वर्तमानपत्राचं जुनं कात्रण]

तामिळनाडूतल्याच एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली. आतली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जणांचा मृत्यू झाला. आज मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ नुसार मानसिक रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई आहे. धर्मस्थळाला त्यातून सूट नाही. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे त्यानुसार गुन्हे आहेत. जिथे साखळी आहे तिथे औषधाची पेटी ठेवून काही साधत नाही. आधी साखळी सुटली पाहिजे.

मग दवा आणि दुआ एकत्र कशी चालते? सुरुवात मुजावरापासून होते, कारण कुटुंब पहिल्यांदा त्यालाच सगळं सांगतं. प्रशिक्षणात त्याने श्रद्धा सोडावी असं कुणी सांगत नाही. काय पाहायचं ते शिकवलं जातं: झोप किती दिवस गेली, एकट्याने बोलणं, जेवणात विष असल्याचा संशय, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा. अशी लक्षणं दिसली की दुआ झाल्यावर तो रुग्णाला दवाखान्यात पाठवतो. डॉक्टरकडे जा असं परक्याने सांगणं वेगळं आणि मुजावराने सांगणं वेगळं. सगळा उपक्रम या एका वाक्यावर उभा आहे.

काही रुग्णांना मात्र आवारात थांबवायचंच नाही. ताप आणि त्यासोबत अचानक बरळणं, डोक्याला मार, थांबत नसलेली फिट, बाळंतपणानंतर काही दिवसांत बदललेलं वागणं: यांना तडक मोठ्या रुग्णालयात न्यायचं. दुआ रस्त्यातही करता येते.

[दृश्य: गोळ्यांची पाकिटं, तारखा लिहिलेला कागद]

बिघडतं ते बहुतेक वेळा औषध सुरू झाल्यावर. भ्रम आणि भास यांवरच्या औषधाने पहिल्या काही दिवसांत झोप लागते, अस्वस्थता उतरते. कानातले आवाज आणि संशय कमी व्हायला काही आठवडे लागतात. झोप लागताच घरच्यांना मन्नत फळली असं वाटतं आणि गोळ्या बंद होतात. पहिल्यांदाच आजार झाला असेल तरी लक्षणं गेल्यावर निदान वर्षभर औषध चालू ठेवावं लागतं.

दुसरी अडचण याहून अवघड. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने सुरुवातीच्या दिवसांत कधी कधी मान एका बाजूला वळते, जबडा आखडतो, डोळे वर चढतात. पाहणाऱ्याला वाटतं, पुन्हा अंगात आलं. हा औषधाचा दुष्परिणाम आहे आणि योग्य इंजेक्शनने तो लवकर उतरतो. पहिली गोळी देतानाच हे मुजावर आणि नातेवाईक, दोघांनाही सांगून ठेवायला हवं. नाहीतर औषध तिथेच सुटतं. ताप येऊन अंग ताठ झालं तर मात्र तातडीचा धोका असतो.

आणि उपवास. लिथियम हे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध घेणाऱ्या रुग्णाने दिवसभर पाणी सोडलं, तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं या तिच्या खुणा. रोजा असो की निर्जळी एकादशी, आधी डॉक्टरला विचारायचं. हे सांगायला मुजावर किंवा पुजारी पुढे आला, तर रुग्णाच्या मनातली अपराधी भावना कमी होऊ शकते.

पैशांचा प्रश्न परत जाताना पुन्हा उभा राहतो. मुक्काम संपतो, मोफत गोळ्या दूर राहतात आणि गावातल्या दुकानात त्याच विकत घ्याव्या लागतात. म्हणून निघताना हातात चार गोष्टी हव्यात: निदान आणि औषधांचं नाव-प्रमाण लिहिलेला कागद, महिन्याभराच्या गोळ्या, पुढच्या तपासणीची तारीख आणि आपल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या केंद्राचा पत्ता. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १८ सांगतं, की दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड असो वा नसो, तसंच निराधार आणि बेघर व्यक्तीला सरकारी मानसिक आरोग्य सेवा मोफत मिळण्याचा हक्क आहे. खिडकीवर कार्ड मागितलं, तर या कलमाचं नाव घ्यावं.

मध्येच गोळ्या संपल्या, झोप पुन्हा उडाली किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास मोफत लागतो. मराठीतही बोलता येतं.