समोर उभं कोण राहणार?

[दृश्य : मॅडिसनचं विधानभवन. पांढरा घुमट. आतून ढोलांचा आवाज.]

फेब्रुवारी २०११. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी, मॅडिसन. विधानभवनातल्या संगमरवरी फरशीवर माणसं पथाऱ्या टाकून झोपली आहेत. शिक्षक, नर्स, विद्यापीठातली पोरं. जवळच इयन्स पिझ्झा नावाचं दुकान आहे, तिथला फोन थांबत नाही. कुठून कुठून लोक पैसे भरतायत आणि सांगतायत, आत बसलेल्यांना पिझ्झा पोचवा. दुकानातल्या फळ्यावर गावांची, देशांची नावं वाढत चालली आहेत. त्यात इजिप्तही आहे. तिकडे मुबारक यांची खुर्ची नुकतीच गेलेली.

हा सगळा राग एका माणसावर आहे. रिपब्लिकन पक्षाचा गव्हर्नर स्कॉट वॉकर.

गव्हर्नर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजभवन येतं. हे तसं पद नव्हे. हा थेट लोकांनी निवडलेला, राज्य प्रत्यक्ष चालवणारा माणूस. आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, आणि त्याला विधिमंडळातलं बहुमत गेलं म्हणून घालवता येत नाही.

वॉकर धर्मोपदेशकाचा मुलगा. प्रचारात सांगायचा, मी कागदी पिशवीतून घरचं सँडविच नेतो, सरकारचेही पैसे तसेच जपून वापरीन. जानेवारीत शपथ घेतली आणि फेब्रुवारीत विधेयक आणलं. सरकारी कर्मचाऱ्यांनी निवृत्तिवेतनात आणि आरोग्यविम्यात जास्त पैसे भरायचे. संघटनांचे नेते म्हणाले, कपात कबूल. पण विधेयकात आणखी एक कलम होतं: संघटनेने एकत्र बसून वाटाघाटी करण्याचा हक्क जवळजवळ संपवायचा. पोलीस आणि अग्निशमन दल तेवढे वगळले. सरकारी नोकरांना हा हक्क देणारं देशातलं पहिलं राज्य विस्कॉन्सिनच होतं, १९५९ साली. घाव नेमका तिथे बसला.

गणसंख्या भरू नये म्हणून विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे १४ सिनेटर, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहातले आमदार, शेजारच्या इलिनॉय राज्यात जाऊन राहिले. आमदार राज्याबाहेर हलवणं महाराष्ट्राला काही नवं नाही. पण इथे सरकार पाडायचं नव्हतं, फक्त मतदान अडवायचं होतं. ते अडलं नाही. मार्चमध्ये कायदा झाला.

[दृश्य : टेबलावर सह्यांचे कागद, हातमोजे काढून सही करणारा हात.]

मग लोकांनी दुसरा रस्ता धरला. या राज्यात निवडून दिलेल्याला मुदतीआधी परत बोलावता येतं. अट अशी, की पदावर एक वर्ष पूर्ण झालेलं हवं आणि ६० दिवसांत ५,४०,२०८ सह्या हव्यात. जमल्या नऊ लाखांवर.

सह्या झाल्या, म्हणजे नव्याने निवडणूक. आता वॉकरसमोर उभा राहणारा माणूस?

खरी गोची इथेच. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, माजी सिनेटर रस फाइनगोल्ड. ते नाही म्हणाले. संघटनांनी कॅथलीन फॉक यांना उचलून धरलं. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत मतदारांनी निवडलं मिलवॉकीचे महापौर टॉम बॅरेट यांना. माणूस चांगला, धाडसी. एका बाईला वाचवताना हल्लेखोराच्या लोखंडी नळीचे घाव सोसलेला. पण २०१० मध्ये ते याच वॉकरकडून हरले होते. म्हणजे दीड वर्ष आंदोलन करून लोकांसमोर ठेवलं काय, तर जुनीच कुस्ती पुन्हा.

५ जून २०१२. वॉकर ५३ टक्के, बॅरेट ४६. पैसा वॉकरकडे कितीतरी पट होता, हे खरंच. पण मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं, तेव्हा १० पैकी ६ जण म्हणाले, मुदतीआधी परत बोलवायचं तर काही गैरवर्तन तरी हवं. म्हणजे ज्यांना वॉकर पटत नव्हता, त्यांतल्याही कित्येकांना ही पद्धत पटली नव्हती. रागाने सह्या जमतात. कुंपणावरचं मत जमत नाही.

२०१४ च्या नेहमीच्या निवडणुकीत वॉकरसमोर मेरी बर्क. ट्रेक या सायकल कंपनीच्या घरातल्या, उद्योग चालवलेल्या. त्याही हरल्या.

[दृश्य : शाळेची पिवळी बस, शेतातला रस्ता, चाकाखाली खड्डा.]

२०१८. यावेळी प्राथमिक फेरीच्या मतपत्रिकेवर दहा नावं, त्यातले दोघे आधीच बाहेर पडलेले. इतकी गर्दी, आणि तरी सूर तोच, की यात वजनदार कोणी नाही. त्यातून उमेदवार ठरले टोनी एव्हर्स. राज्याचे शिक्षणप्रमुख, पांढरे केस, शिक्षकी बोलणं. भाषणाने सभा पेटवणं त्यांना जमणारं नव्हतं. नीरस म्हणून त्यांची टिंगल व्हायची.

पण कागद बघा. शिक्षणप्रमुखाची निवडणूक राज्यभर होते. एव्हर्स ती तीनदा जिंकलेले. २०१७ मध्ये तर ७० टक्के मतं घेऊन, वॉकर गव्हर्नर असताना. वॉकरला ज्या गावांतून मतं पडायची, तिथल्या शाळांतही हा माणूस जाऊन आलेला. ते शाळांवर बोलले, आरोग्यविम्यावर बोलले, रस्त्यांवर बोलले. रस्त्यांतल्या खड्ड्यांना विरोधकांनी नावच ठेवलं होतं, ‘स्कॉटहोल्स’. खड्ड्याला नेत्याचं नाव! आपल्याला हे कसं सुचलं नाही, कोण जाणे.

[दृश्य : रात्रीचं मिलवॉकी, मतमोजणीचं केंद्र, यंत्रात सरकणाऱ्या मतपत्रिका.]

६ नोव्हेंबर. एव्हर्स यांचा ६७वा वाढदिवस आदल्याच दिवशी झालेला. मध्यरात्र झाली तरी आकडे चिकटूनच. मग मिलवॉकी शहरातल्या आगाऊ दिलेल्या हजारो मतांचा आकडा आला आणि पारडं फिरलं. एव्हर्स २९,२२७ मतांनी पुढे. साडेसव्वीस लाखांहून जास्त मतांत एवढाच फरक.

वॉकरच्या बाजूने फेरमोजणीची भाषा सुरू झाली. पण २०१६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या फेरमोजणीनंतर राज्याने कायदा बदलला होता. हरलेल्याला फेरमोजणी मागता येईल ती फरक एक टक्क्याच्या आत असेल तरच.

फरक होता १.१ टक्के. आणि त्या कायद्याखाली सही होती गव्हर्नर स्कॉट वॉकर यांची.