नवीन ॲप आलं की पहिल्याच आठवड्यात एवढी गर्दी का होते?

नमस्कार मंडळी. एक आकडा सांगतो आधी, दहा कोटी. ५ जुलै २०२३ ला थ्रेड्स, म्हणजे इन्स्टाग्रामवाल्यांचं ट्विटरसारखं ॲप, आलं आणि पाच दिवसांत दहा कोटी लोकांनी तिथे अकाउंट उघडलं. आता आठवून बघा त्या पाच दिवसांत थ्रेड्सवर होतं काय. हॅशटॅग नव्हते, डायरेक्ट मेसेज नव्हते, सर्चमध्ये फक्त अकाउंट सापडायची, पोस्ट नाही, आणि आपण ज्यांना फॉलो करतो फक्त त्यांचंच दिसेल अशी साधी फीडसुद्धा नव्हती. म्हणजे खरं सांगायचं तर अर्धवट ॲप होतं ते. तरी दहा कोटी.

त्यामुळे "फीचर्स भारी असतात म्हणून लोक येतात" हे आधी डोक्यातून काढून टाका. फीचर्स बघायला कुणी येत नाही हो, लोक बघायला येतात.

आणि इथेच खरी गंमत आहे, कारण लोक बघायला यायचं तर आधी तिथे लोक पाहिजेत ना. जगात एकच फोन असेल तर तो फोन कुणाला लावणार? चॅट ॲप असो, ग्रुप असो, सगळ्यांचं हेच दुखणं, पहिला माणूस येतो, कुणी नाही बघून निघून जातो, मग दुसरा येतो, तोही तसाच जातो. असे किती ॲप येतात आणि कुणाला कळायच्या आत बंद पडतात. मग जे फटकन चालतात ते काय वेगळं करतात?

थ्रेड्सचं उत्तर सोपं होतं, आयत्या बिळावर नागोबा. इन्स्टाग्रामचं लॉगिन तेच, नाव तेच, फोटो तोच, आणि आत शिरताना एक स्क्रीन यायची की तुम्ही इन्स्टावर ज्यांना फॉलो करता त्या सगळ्यांना इथेही फॉलो करायचं का. एक बटण. त्यातले जे अजून आलेच नाहीत त्यांनासुद्धा फॉलो करून ठेवता यायचं, म्हणजे ते येतील तेव्हा त्यांचे फॉलोअर आधीच दारात उभे. रिकाम्या हॉलमध्ये कुणाला उभंच राहावं लागलं नाही. अर्थात असं आयतं बीळ सगळ्यांच्या नशिबात नसतं.

रेडिटकडे नव्हतं, म्हणजे लोक लिंक टाकतात आणि त्यावर चर्चा करतात त्या साइटकडे. २००५ च्या जूनमध्ये दोन पोरांनी सुरू केलं, स्टीव्ह हफमन आणि ॲलेक्सिस ओहानियन, आणि साइटवर कुत्रं फिरकेना. मग यांनी काय केलं, लिंक टाकायचा जो फॉर्म असतो ना, त्यात फक्त स्वतःला दिसेल असा एक जादाचा रकाना ठेवला, युजरनेमचा. लिंक टाकायची, तिथे मनाला येईल ते नाव लिहायचं, सबमिट केलं की त्या नावाचं अकाउंट आपोआप तयार. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार वा, किती लोक आहेत इथे! आणि आत दोघंच बसलेत टाइप करत. हे हफमननी नंतर स्वतःच सांगितलंय सगळं. फसवणूक म्हणा हवं तर, मला विचाराल तर मी निम्मी फसवणूक म्हणेन, कारण लिंक खऱ्या होत्या, त्यांना स्वतःला आवडलेल्या होत्या, फक्त माणसं खोटी होती. आणि त्यातून येणाऱ्याला न सांगताच कळायचं की इथे कसल्या गोष्टी चालतात.

बरं, हे झालं गर्दी जमवण्याचं. पण मला यात सगळ्यात जास्त इंटरेस्ट आहे तो उलट्या गोष्टीत. लोक गर्दी बघून येतात हे खरं, पण नवीन जागेत ते धावत येतात ते ती अजून भरलेली नसते म्हणून.

युजरनेमचीच स्क्रीन घ्या. जुन्या साइटवर तुमचं नाव टाकलं की लाल अक्षरात "हे नाव आधीच घेतलेलं आहे". मग अंडरस्कोर लावा, तरी नाही, जन्मसाल लावा, तरी नाही, शेवटी नावामागे चार आकडे लावून एखाद्या गाडीच्या नंबर प्लेटसारखं काहीतरी घेऊन बसता. आणि नवीन ॲपवर? नाव टाकलं, हिरवी टिक. बास. नुसतं तुमचं नाव, मागे पुढे काही नाही. मी स्वतः केवळ या हिरव्या टिकसाठी किमान तीन ॲपवर अकाउंट उघडलंय. थ्रेड्सनी तर इन्स्टाच्या प्रोफाइलवर नंबरच लावला, तुम्ही कितवे आलात तो. लोक तो नंबर मिरवत होते! काय मिळतं त्यानी? काहीच नाही. पण मी लवकर आलो हे तर दिसतं.

आणि नुसतं मिरवायचं नसतं, त्यामागे हिशोब आहे. जुन्या जागेत ज्यांचे फॉलोअर जास्त त्यांनाच अजून मिळत जातात, कारण तेच सगळीकडे दिसतात, आणि उशिरा आलेला कितीही चांगलं लिहू दे, मागच्या रांगेत. नवीन जागेत सगळ्यांचा मीटर शून्यावर. शिवाय पोस्टच कमी असतात, त्यामुळे ॲपला दाखवायला दुसरं काही नसतं, मग तुमचीच दाखवतं.

माझा किस्सा सांगतो. एका जुन्या साइटवर मी सहा वर्षं लिहीत होतो, प्रतिसाद म्हणाल तर दोन लाइक, त्यातला एक कधीकधी माझ्याच भावाचा. मग मित्रानी एका नवीन कम्युनिटीचं इन्व्हाइट पाठवलं, नाव नाही सांगत, आता ती नाहीच आहे म्हणा. तिथे पहिली पोस्ट टाकली आणि दहा मिनिटांत चार उत्तरं, त्यातलं एक ज्यानी ते सॉफ्टवेअर बनवलंय त्याचं! रात्री दोनपर्यंत बसलो होतो मी. जुनी साइट पुढचे पंधरा दिवस उघडलीच नाही. नंतर कधीतरी ती पोस्ट परत वाचली तर अगदीच सुमार होती, पोस्ट सुधारली नव्हती, मीही सुधारलो नव्हतो, फक्त खोली लहान होती.

इन्व्हाइटवरून आठवलं, क्लबहाउस, आवाजात गप्पा मारायचं ॲप. २०२० मध्ये आलं तेव्हा आयफोनवरच, आणि आतल्या माणसानी बोलावलं तरच प्रवेश, त्यालाही सुरुवातीला दोनच इन्व्हाइट. दोनच असल्यावर माणूस विचार करून देतो ना कुणाला द्यायचं ते, आणि ज्याला मिळालं त्याच्या प्रोफाइलवर कुणी आणलं त्याचं नाव कायमचं लागायचं. म्हणजे येणारा प्रत्येक जण किमान एका ओळखीच्या माणसासकट यायचा. फेसबुकनीही हेच वेगळ्या पद्धतीनी केलं होतं, फेब्रुवारी २००४ ला फक्त हार्वर्ड, दुसऱ्या कुणाला प्रवेशच नाही. महिनाभरात तिथल्या पदवीच्या निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांचं अकाउंट होतं. सगळ्या जगात थोडे थोडे लोक असण्यापेक्षा एकाच ठिकाणचे झाडून सगळे असणं फार कामाचं, कारण मग जो नाही तो उठून दिसतो. क्लबहाउसनी मात्र मे २०२१ ला अँड्रॉइड आणलं, जुलैमध्ये दार सताड उघडलं, आणि तोवर लोकांची हौस फिटली होती. बाहेर रांग असेपर्यंतच आत जायची घाई असते बहुतेक.

आणि कधीकधी तर नवीन ॲपचं यात कर्तृत्व काहीच नसतं, शेजारचा स्वतःच्या हातानी स्वतःचं घर पेटवतो. रेडिटसारखीच लिंकांची साइट होती डिग, तिनी ऑगस्ट २०१० मध्ये नवीन व्हर्जन आणलं, लोकांना न आवडलेली लिंक खाली ढकलायचं बटण काढून टाकलं, मोठ्या प्रकाशकांना त्यांच्या लिंक आपोआप टाकायची सोय दिली, आणि लोक इतके भडकले की निषेध म्हणून डिगचं पहिलं पान रेडिटच्या लिंकांनी भरून टाकलं आणि मग तिकडेच गेले. रेडिट पाच वर्षं तिथेच होतं, त्या आठवड्यात त्यांनी काही नवीन केलं नव्हतं. मॅस्टोडॉनचंही तसंच, ट्विटरसारखंच पण वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारं, २०१६ पासून आहे, पण २७ ऑक्टोबर २०२२ ला मस्कनी ट्विटर घेतलं आणि दोन महिन्यांत महिन्याला वापरणारे लोक सुमारे तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर. पण रागावून आलेल्या माणसाला दारातच विचारलं "कुठला सर्व्हर हवाय?", आणि बरेच जण तिथेच गडबडले. सर्व्हर म्हणजे काय, चुकीचा निवडला तर काय, मित्र दुसऱ्या सर्व्हरवर असेल तर दिसणार का (दिसतो हो, पण हे कोण सांगणार). पुढे २०२३ मध्ये त्यांनी तो प्रश्न मागे ढकलला आणि एक सर्व्हर पुढे करून ठेवला, पण तोवर त्या लाटेतले पुष्कळ परत फिरलेले.

आता एवढी गर्दी टिकते का, तर अकाउंट उघडणं आणि उद्या परत येणं यांचा एकमेकांशी फार संबंध नाही. गूगल प्लस, गूगलचं फेसबुकसारखं ॲप, २०११ च्या जूनअखेर आलं, तेही इन्व्हाइटवर, दोन आठवड्यांत एक कोटी लोक. लोक इन्व्हाइटसाठी हात जोडत होते तेव्हा! आणि २०१८ मध्ये गूगलनीच सांगितलं की तिथल्या ९० टक्के भेटी पाच सेकंदांपेक्षा कमी असतात. पाच सेकंद म्हणजे चुकून क्लिक झालं आणि बॅक दाबलं. २ एप्रिल २०१९ ला बंद.

माझ्या त्या लहान खोलीचंही तसंच झालं. दीड महिन्यानी बनवणाऱ्याची उत्तरं यायची थांबली, मग एकेक जण कमी होत गेला, शेवटी मी आणि अजून दोघं उरलो होतो, तिघंही एकमेकांना लाइक करायचो. मग एक दिवस पानच उघडेना. आणि ते मागेपुढे काही नसलेलं, नुसतं माझं नाव, ते पण गेलं.

परवा अजून एक नवीन ॲप आलंय. टाकून बघितलं नाव, मिळालं.