गोळी एकट्या मुलाला देऊन भागत नाही

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते मुलांच्या जंतांविषयी. पोटातल्या मोठ्या जंतांविषयी नाही, तर पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारख्या, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या बारीक जंतांविषयी. मूल रात्री शीची जागा खाजवतं, चुळबुळ करतं, झोपेतून रडत उठतं. मुलींना कधीकधी लघवीच्या जागीही खाज सुटते, आणि आईला वाटतं, उन्हाळी लागली.

खाज रात्रीच का? कारण मादी रात्री बाहेर येते आणि गुदद्वाराभोवती हजारो अंडी घालते. मूल खाजवतं, अंडी नखांत अडकतात, तोच हात तोंडात जातो. चादर, टॉवेल, खेळणी, दाराची कडी, जिथे तो हात लागेल तिथे अंडी पोचतात आणि दोन-तीन आठवडे जिवंत राहतात. आता सांगा, एका अंथरुणावर चौघं झोपणाऱ्या घरात हा त्रास एकट्या मुलाचा कसा राहील?

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं. आजीनेही, बाबांनीही, खाज असो वा नसो. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. अल्बेंडाझोलची गोळी जंत मारते, पण अंड्यांवर तिचा भरवसा धरता येत नाही. मागे राहिलेल्या अंड्यांतून जे जंत वाढतात, त्यांच्यासाठी ही दुसरी गोळी. बहुतेक घरी ती राहूनच जाते, कारण तोवर खाज थांबलेली असते. पहिली घेतली त्याच दिवशी दुसरीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोन वर्षांखालचं बाळ, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई घरात असेल, तर त्यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारा.

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास शाळेत, अंगणवाडीत जंतनाशक गोळी देतात. ती मुलांना जरूर घेऊ द्या. पण ती १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी असते. घरातल्या मोठ्यांना ती मिळत नाही, आणि दोन आठवड्यांनी दुसरीही मिळत नाही. शाळेत गोळी घेतलेल्या मुलाला महिन्याभरात पुन्हा खाज सुटते ती बरेचदा यामुळेच.

गोळीच्या दिवसापासून दोन आठवडे थोडी मेहनत घ्या. सकाळी उठल्या उठल्या मुलाची अंघोळ, निदान ती जागा तरी साबणाने धुवायची. रात्रीची अंडी तिथेच असतात. रात्री घट्ट चड्डी घाला, रोज बदला. नखं अगदी बारीक कापा. चादरी झटकू नका, अंडी घरभर उडतात. उचलून थेट गरम पाण्यात टाका. शीहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवायचे, स्वयंपाक करणाऱ्यांनीही.

गूळ-साखर खाल्ल्याने जंत होतात असं घरोघरी म्हणतात. तसं नाही. हे जंत अंडी पोटात गेल्यानेच होतात. स्वच्छ, नीटनेटक्या घरातही होतात. त्यामुळे मुलाला रागावू नका, चारचौघांत बोलू नका. ते आधीच लाजलेलं असतं.

दोन्ही गोळ्या होऊनही खाज राहिली, पोट सतत दुखलं, किंवा वजन घटलं, तर मात्र घरीच थांबू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. नमस्कार.