5 मिलिमीटरची चकती

ही काळी शाई बघताय ना, ती लिहायची नाही. फ्युएल सेलमधे, म्हणजे हायड्रोजन अन् ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्रात, ऑक्सिजनचं काम जलद करणारा माल हिच्यात असतो, अन् तो कितपत चालतो ते एका चकतीवर तपासायचं. काजळीसारखा बारीक कार्बन, त्याला चिकटलेले प्लॅटिनमचे 2 ते 5 नॅनोमीटरचे कण, वर पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल अन् कण धरून ठेवणाऱ्या नॅफिऑन पॉलिमरचे थोडे थेंब. सोनिकेटरमधे, म्हणजे ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या यंत्रात, ठेवली की गुठळ्या फुटतात.

आता चकती बघा. 5 मिलिमीटर. ॲल्युमिनाच्या पांढऱ्या पावडरीवर इंग्रजी आठचा आकडा काढत घासायची, आरशासारखी चमकेपर्यंत घासायची, मनगट दुखलं तरी, कारण एक ओरखडा राहिला की पुढचं सगळं मोजमाप बोंबललं. मग पिपेटने शाईचा एकच थेंब टाकायचा अन् गप्प बसायचं. नीट वाळला नाही तर कडेला चहाच्या कपाखाली उमटतं तसं कडं उमटतं. पुसा, परत घासा.

कडं नाही पडलं तर चकती द्रावणात, ऑक्सिजनचे बुडबुडे चालू, मिनिटाला 1600 फेरे. फिरवायची कशाला, तर ताजा ऑक्सिजन सारखा तिच्यापर्यंत पोचत राहावा म्हणून. चकतीतून वाहणाऱ्या विजेची स्क्रीनवर खाली उतरणारी ती रेघ म्हणजे निकाल. फ्युएल सेलमधे हायड्रोजनची बाजू झटपट उरकते, घोडं अडतं ते ऑक्सिजनपाशी, त्याच्या दोन अणूंची जोडी सोडवायची, चार इलेक्ट्रॉन द्यायचे, तेव्हा कुठे पाणी होतं. कागदावर 1.23 व्होल्ट, हातात येतात त्याहून बरेच कमी, अन् गळतीतला मोठा वाटा इथलाच. म्हणून प्लॅटिनम लागतं, जे मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून येतं. त्याच्या जागी कार्बनमधे लोखंड अन् नायट्रोजन बसवायची खटपट जगभर चालूय, अल्कलीत ते छान चालतं, ॲसिडमधे लवकर दम तोडतं.

पुण्यात पाषाणच्या एनसीएलने, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, कराईकुडीची विद्युतरसायन संशोधन संस्था सीईसीआरआय अन् केपीआयटी कंपनीसोबत 65 ते 75 अंशांवर चालणारा 10 किलोवॉटचा स्टॅक, म्हणजे फ्युएल सेलचा गठ्ठा, बनवला, 2020 मधे तो कारमधे चालवून बघितला, अन् 21 ऑगस्ट 2022 ला पुण्यात हायड्रोजनवर चालणारी बस आली. ती बस तुम्ही बातम्यांत बघितलीच असेल, आम्हाला चकती दाखवायची होती. हां, जगातला बहुतेक हायड्रोजन अजून नैसर्गिक वायू अन् कोळशापासूनच बनतो.

ही आजची तिसरी चकती. जरा जवळून बघा. हिलाही कडं पडलंय.