आधी जागा, मग पक्षी

(दृश्य: पहाट. उजनीच्या पाणफुगवट्यावर होड्या बांधलेल्या. नंतर निवेदन.)

उजनीचं पाणी उतरायला लागलं की सोलापूरकरांचं सगळं लक्ष धरणाच्या टक्केवारीकडे लागतं, आणि इकडे कुंभारगाव, डिकसळ, भिगवणच्या होडीवाल्यांचे फोन वाजायला लागतात. "दादा, आले का?" एवढाच प्रश्न असतो. कोण आले ते विचारायची गरज पडत नाही, फ्लेमिंगो.

आता हे पाणी उतरण्याचं आणि पक्ष्यांचं गणित समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. धरण तुडुंब भरलेलं असलं की काठापर्यंत खोल पाणी, फ्लेमिंगोला उभं राहायला जागाच नाही. मग सिंचनाला, प्यायला पाणी सोडत जातात तसा खालचा चिखल उघडा पडतो, वीतभर-हातभर पाण्याचे पट्टे तयार होतात, त्या कोमट उथळ पाण्यात शेवाळ आणि बारीक किडे माजतात, आणि मग हे गुलाबी पाहुणे उतरतात. म्हणजे तारीख कॅलेंडर ठरवत नाही, पाणी ठरवतं. चांगला पाऊस झाला आणि धरण उशिरापर्यंत भरलेलं राहिलं तर जानेवारीत येऊनही हात हलवत परत गेलेले लोक आहेत. उलट एखाद्या वर्षी उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये जाते, म्हणजे वापराचं पाणी संपून नुसता मृतसाठा उरतो, तेव्हा पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं जुनं मंदिरसुद्धा पाण्याबाहेर येतं.

हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. काठावरच्या ज्या घरांनी मासेमारी केली त्याच घरातली पोरं आज पक्षी दाखवतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की शहरातून सोबत आलेल्या एक्स्पर्टपेक्षा इथे होडीवरचा माणूस जास्त महत्त्वाचा असतो. कारण पाणी त्याला कळतं.

(दृश्य: होडीचं इंजिन बंद होतं. लांब बांबूने होडी ढकलणारे हात.)

बघा तो काय करतो. थव्यापासून बऱ्याच लांब इंजिन बंद, मग बांबू. आणि सरळ थव्याच्या दिशेने नाही जात, तिरकं तिरकं जातो, जणू काही आपण दुसरीकडेच निघालोय. होडीतली मंडळी उभी राहायला लागली की मागून आवाज येतो, "ताई, खाली बसा, डुगडुगतीय." आणि थोडं पुढे गेल्यावर तो हळूच बांबू रोवतो आणि म्हणतो, "आता सगळ्यांनी माना वर केल्या बघा. आता थांबायचं. अजून फुडं गेलो तर उठत्याल."

हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. खात असलेला फ्लेमिंगो मान खाली ठेवतो. माना एकदम वर आल्या, थवा एका दिशेने चालायला लागला, की समजायचं आपण जास्त जवळ आलोय. ज्यांना उडतानाचा फोटो हवा असतो ते इथे होडीवाल्याला जास्तीचे पैसे दाखवतात, आणि चांगला होडीवाला नाही म्हणतो, कारण आज उडवलेला थवा उद्या अजून लांब बसतो हे त्याला माहितीये, आणि उद्याही त्याला धंदा करायचाय.

शांत बसलात तर जे दिसतं ते भारी असतं. हा मोठा रोहित, रोहित म्हणजे फ्लेमिंगोच, एका जागी पाय आपटत गोल फिरतोय, चिखल ढवळतोय. मग चोच उलटी करून पाण्यात, म्हणजे वरची चोच खाली. जिभेने पाणी आत ओढायचं, बाहेर फेकायचं, आणि चोचीच्या कडेला जी बारीक गाळणी असते त्यात खाणं अडकवायचं. तो गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो, म्हणून पिल्लं मळकट करड्या रंगाची असतात आणि लोक दरवेळी विचारतात की हे वेगळे पक्षी कोणते.

बाजूला चित्रबलाक. हा डोळ्यांनी मासा शोधत बसत नाही, अर्धवट उघडी चोच पाण्यात धरून चालतो, मासा चोचीला लागला की खटकन मिटतो. याची वसाहत इथून जवळ भादलवाडीच्या तलावात आहे, तिथली झाडं विणीच्या हंगामात नुसती घरट्यांनी लगडलेली असतात. पलीकडे पट्टकदंब, डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून आलेले हंस, आणि इथे येऊन शेतकऱ्याच्या हरभऱ्यात घुसतात.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, ब्रोशरमध्ये ती नसते. हे पाणी भीमेचं, आणि वरून मुळा-मुठेतून पुण्या-पिंपरीचं सांडपाणी याच पाण्यात येतं. कधी कधी काठावरचं पाणी हिरवंगार असतं, वास येतो. पक्षी भरपूर आहेत म्हणून पाणी स्वच्छ असं समजू नका.

(दृश्य: ऐरोली. कांदळवन, मागे उंच इमारती.)

आता एकदम वेगळी जागा. ठाणे खाडी. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आली. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. बुकिंग करताना पब्लिक गोंधळतं, की आज सकाळी सातची बोट आणि पुढच्या रविवारी दुपारची, असं का? तर भरती-ओहोटी. पूर्ण ओहोटीला खाडीत बोट चालवायला पाणी नाही, पूर्ण भरतीला चिखल बुडालेला आणि पक्षी गायब. मधली जी वेळ आहे तेवढीच आपली. रोज ती पुढे सरकते.

इथे जास्त करून छोटा रोहित. भिगवणवाल्यापेक्षा बुटका, रंगाने गडद, चोच काळपट लाल. याची गाळणी अजून बारीक, हा मुख्यतः निळं-हिरवं शेवाळ खातो, आणि ते या खाडीच्या चिखलात भरपूर. भरतीत चिखल बुडाला की हे हजारो पक्षी उठून नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर जाऊन टेकतात, पाणी उतरेपर्यंत. म्हणजे नुसती खाडी राखून भागत नाही, ती शहरातली तळीही लागतात, आणि नेमकी त्याच तळ्यांच्या जमिनीवर सगळ्यांचा डोळा. बोटीवरचा गाइड हे सांगतो तेव्हा निम्मी बोट सेल्फीत असते, ते जाऊ द्या.

(दृश्य: आंबोली. धुकं. फक्त आवाज.)

घाटातल्या जंगलात आलात की दुर्बीण गळ्यातच राहते, काम कानांचं. आंबोली, तिळारी, खाली गोव्याकडचं जंगल, इथे झाडी एवढी दाट की वीस फुटांवरचा पक्षी दिसत नाही. पहाटे कुणीतरी माणूस शीळ घालत चाललाय असं वाटतं, तो माणूस नसतो, शीळ घालणारा कस्तूर असतो, ओढ्याकाठी खडकावर बसलेला. गाइड इथे चालतो कमी आणि उभा जास्त राहतो. आवाज आला की बोट वर, सगळे गप्प. मग सांगणार कसं? "ती जाड वेल दिसतीय का, तिच्यावरून डोळे वर न्या, जिथे फांदी फुटते तिथून दोन हात उजवीकडे, वाळलेलं पान आहे ना, ते पान नाहीये."

खरंच नसतं. तो बेडूकमुखी असतो. रुंद तोंडाचा, निशाचर, दिवसा जोडीने एकमेकांना चिकटून बसतो आणि हुबेहूब वाळक्या पानांचा झुबका दिसतो. दिवसचे दिवस तीच फांदी धरून बसतो म्हणून तर गाइडला माहीत असतो, आणि म्हणूनच ती फांदी कुठल्या झाडाची हे कधीही लोकेशनसकट टाकायचं नाही. लांबून बघायचं, फ्लॅश बंद, दोन मिनिटांत मागे फिरायचं.

धनेशाचं उलट, तो लपत नाही. पंखांचा सूं सूं आवाजच आधी येतो. त्याला शोधायचा तर फळांनी लगडलेला वड किंवा उंबर शोधा आणि खाली बसून राहा. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दार लिंपून टाकते, फक्त एक फट ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला आणि नंतर पिल्लांना फळं भरवत राहतो. म्हणजे त्या दिवसांत नर मेला किंवा घाबरून यायचा बंद झाला तर आतल्यांचं अवघड. आणि एवढी मोठी ढोली फक्त म्हाताऱ्या झाडात मिळते. कोकणातल्या देवरायांमध्ये असे जुने प्रचंड बेहडे टिकलेत, देवाच्या भीतीने का होईना.

इथे थोडं कडू बोलतो. काही ट्रिपवर गाइड मोबाइलला ब्लूटूथ स्पीकर लावून पक्ष्याचा आवाज वाजवतात. पक्षी येतो, नक्की येतो, कारण त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसलाय. तो भांडायला आलेला असतो, आपण म्हणतो वा काय पोज दिली. सकाळी एक ग्रुप, दुपारी दुसरा, त्याने पिल्लांना खाऊ कधी घालायचा? ट्रिप बुक करताना "किती प्रकार दिसतील?" विचारण्याऐवजी "तुम्ही कॉल वाजवता का?" हे विचारा, गाइड कसा आहे लगेच कळेल.

(दृश्य: नांदूर मधमेश्वर, टॉवरवरून बदकांचे थवे.)

ज्यांना होडी नको, चढण नको, घरात आजी-आजोबा आणि लहान पोरं आहेत, त्यांनी सरळ नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरला जावं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा, २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा झाली. चापडगावच्या बाजूने टॉवर आहेत, स्थानिक गाइड आहेत. थापट्या, तलवार बदक, जांभळी पाणकोंबडी, सगळं एका जागी उभं राहून. नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह, ५ ते १२, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, तेव्हा मात्र शाळांच्या सहली असतात, गर्दी धरून चला.

(दृश्य: कडबनवाडीचं माळरान. पिवळं गवत, मेंढरं, लांब एक बाभूळ.)

आणि आता ती जागा जिला कुणी जागाच म्हणत नाही. भिगवणला आलेले नव्वद टक्के लोक फ्लेमिंगो बघून, चिलापी फ्राय खाऊन दुपारी पुण्याची वाट धरतात. त्यांच्या गाड्या ज्या माळाच्या बाजूने जातात तिथे माझ्या मते या सगळ्या भागातलं सगळ्यात भारी बर्डिंग आहे.

इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी. वन विभागाची गवताळ सफारी आहे इथे, गावातलेच गाइड. पहिली सूचना, गाडी चाकोरी सोडणार नाही. कितीही जवळ दिसला तरी नाही. का, ते समोर बघा.

(दृश्य: क्लोजअप. उघडी जमीन, काहीच दिसत नाही. मग एक पक्षी पळतो.)

हा धाविक. पळतो, थांबतो, ताठ उभा राहतो, खाली वाकून किडा उचलतो, परत पळतो. तांबूस डोकं, डोळ्यामागून मानेकडे जाणारे काळे-पांढरे पट्टे, पांढुरके पाय. थांबला की मातीत विरघळतो. हा घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर जरासं खरवडतो आणि तिथेच दोन-तीन अंडी, मातीच्याच रंगाची. टिटवी, पखुर्डी, सगळ्यांचं तेच. चाक चाकोरीबाहेर गेलं तर कशावरून गेलं हे ड्रायव्हरला कळणारसुद्धा नाही.

पखुर्डी सकाळी उन्हं तापायच्या बेताला पाण्यावर येतात, आधी आवाज, मग थवा. पिल्लं असली की नर पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो आणि ते पाणी पिसांतून कोरड्या माळावर घेऊन जातो, पिल्लं ती पिसं चोखून पाणी पितात. असं माळावरचं आयुष्य.

आणि या माळाला सरकारी भाषेत काय म्हणतात? पडीक. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात असे कितीतरी माळ धरलेत. मग पडीक म्हणून कुणी चर खणतं, कुणी गिरिपुष्प लावतं, पावसाळ्यात वृक्षारोपणाचे फोटो निघतात. झाडं लावणं चांगलं हे आपल्या डोक्यात एवढं बसलंय की माळावर झाड लावून नुकसान होऊ शकतं हे पटतच नाही. पण धाविकाला उघडी जमीन लागते, चिंकाऱ्याला लांबवर दिसायला लागतं, लांडगा याच माळावर धनगराच्या मेंढरांच्या मागे फिरत जगलाय. माळढोकाचं काय झालं आपण बघितलंच, सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं आणि आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते.

(दृश्य: संध्याकाळ. गवतावर खालून उडणारे भोवत्ये.)

संध्याकाळी साडेपाचनंतर गाइड गाडी थांबवतो आणि म्हणतो, आता कुणी उतरू नका. थंडीत मध्य आशियातून आलेले भोवत्ये दिवसभर माळभर नाकतोडे, उंदीर धरत फिरतात आणि अंधार पडायच्या आत गवतात उतरतात. शिकारी पक्षी, पण झाडावर झोपत नाही, जमिनीवर, गवतात, एकमेकांपासून अंतर ठेवून. एक आला, दुसरा आला, घिरट्या घालून एकेक जण खाली बसला. गवत जाळलं किंवा नांगरलं की त्यांची झोपायची जागाच गेली, शेजारी कितीही झाडं असली तरी उपयोग नाही.

मग परतीच्या गाडीत यादी वाचायचा कार्यक्रम. गाइड एकेक नाव घेतो, सगळे हो म्हणतात, आकडा सांगतात, ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवर नोंद होते. धाविक चार. पखुर्डी, मोठा थवा, आकड्यावरून वाद, शेवटी तीस. पांढुरका भोवत्या, नर, एक, यावर कुणाचं दुमत नाही. पण ती दुसरी तपकिरी मादी? मागच्या सीटवरचे काका ठाम, मोंटेग्यूचा. कॅमेरावाली ताई झूम करून दाखवतेय, मानेवरची ती फिकट कॉलर बघा, पांढुरकाच. काका म्हणतात, फोटो हललाय. फोटो खरंच हललाय. या दोन जातींच्या माद्या लांबून ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. गाइड दोघांचं ऐकून घेतो आणि यादीत लिहितो, "पांढुरका किंवा मोंटेग्यूचा, १". काका म्हणतात, हे काय उत्तर झालं का? तो म्हणतो, "काका, हेच बरोबर आहे. पुढचं नाव घ्या, टिटवी किती?"