नव्या प्रवाळाचे 76 दिवस

(दृश्य: काळोख. निळा दिवा हळूहळू उजळतो. काचेमागे जांभळ्या टोकांची एक लहानशी फांदी.)

ही फांदी माझ्या अंगठ्याएवढी आहे. प्रवाळाची जात ॲक्रोपोरा. न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या तळघरात, चाळीस लिटरच्या उघड्याबोडक्या टाकीत ती एकटीच उभी आहे. खाली वाळू नाही, दगड नाहीत, एकही मासा नाही. आज तिचा इथला 19 वा दिवस. पलीकडच्या खोलीत मोठी टाकी आहे. तिथे जायला हिला अजून 57 दिवस थांबायचं आहे.

दिसायला झाड, पण आहे प्राणी. फांदीवरचा एकेक ठिपका म्हणजे एकेक पॉलिप, एकेक इवलासा जीव, आणि त्या सगळ्यांनी मिळून बांधलेला हा चुन्याचा सांगाडा. मोठ्या वसाहतीची फांदी कापून छोट्या चकतीवर चिकटवली की नवी वसाहत वाढू लागते. छंदातले लोक तिला फ्रॅग म्हणतात. मी राजापूरकडचा, माझ्या तोंडी कलम हाच शब्द येतो. आणि कलम विकत घेताना पिशवीतल्या मातीबरोबर आणखी काय काय घरी येतं, हे आंबेवाल्याला सांगावं लागत नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भारतात हे करू नका. तिथे रीफ, म्हणजे समुद्रातले प्रवाळ-खडक, बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, शिवाय काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याने जे संरक्षण वाघाला, तेच मालवणच्या खडकावरच्या प्रवाळाला. ते समुद्रातच पाहावं. अमेरिकेत टाकीतच वाढवलेल्या वसाहतींची कलमं मिळतात. ही फांदी तशीच एका टाकीतून आली आहे.

(दृश्य: जुने फोटो. हिरवी भरगच्च वसाहत. पुढच्या फोटोत तीच, बुडाशी पांढरी.)

तीन वर्षांपूर्वी मी एक हिरवं कलम आणलं. औषधी पाण्यात बुडवलं, ज्याला इथे डिप म्हणतात. दहा मिनिटं ठेवलं, धुतलं आणि त्याच संध्याकाळी मोठ्या टाकीत लावलं. महिनाभर सगळं छान होतं. मग रंग उतरायला लागला. मला वाटलं दिवा जास्त होतोय, म्हणून दिवा कमी केला. मग वाटलं पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे सांगाडा बांधायला लागणाऱ्या क्षारांची पातळी, हलतेय, म्हणून दोन आठवडे रोज मोजत बसलो. आकडे ठीक होते. प्रवाळ मात्र बुडापासून पांढरं होत चाललं होतं.

एका रात्री रबरी फुग्याच्या पिचकारीने फांद्यांवर जोरात पाणी मारलं. फांदीचा पापुद्रा सुटावा तसं काहीतरी सुटलं आणि लाटेत वळवळत खाली गेलं. बशीत धरून भिंगाखाली पाहिलं. अंग जवळजवळ पारदर्शक, आणि त्याच्या आत माझ्याच प्रवाळाचा रंग. तो ॲक्रोपोरा खाणारा चपटा कृमी होता, प्रोस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी. जे खातो त्याचाच रंग अंगावर चढतो, म्हणून फांदीवर बसलेला असताना तो दिसतच नाही. दिसतात ते त्याने घेतलेले घास: फिकट, गोल, टाचणीच्या डोक्याएवढे डाग. ते डाग मी महिनाभर रोज पाहत होतो.

सहा वसाहती गेल्या. त्यातली एक मी बोटाएवढी असताना आणली होती आणि ती ओंजळभर झाली होती. फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

डिप खोटी नव्हती. तिने मोठे कृमी मारलेच असणार. पण अंडी तिच्याने मरत नाहीत.

(दृश्य: अतिजवळून. चकतीच्या कडेशी, जिवंत कातडी संपते तिथे, मधाच्या रंगाचे चिकटलेले ठिपके.)

हे पाहा. हे दुसऱ्या एका कलमाच्या बुडाशी गेल्या वर्षी सापडले. मधाच्या रंगाचे बारीक दाणे, एकाला एक लागून, जणू कुणी राळेचे थेंब सोडलेत. कृमी अंडी जिवंत भागावर घालत नाही. उघड्या सांगाड्यावर, फांदीच्या बुडाला, चकतीच्या खालच्या अंगाला घालतो. कवच इतकं पक्कं की औषध आत शिरत नाही. कोमट पाण्यात दीड-दोन आठवड्यांत ती फुटतात, पाणी थंड असेल तर आणखी उशिरा. बाहेर आलेलं पिल्लू महिन्याभरात स्वतः अंडी घालण्याजोगं होतं.

सगळा हिशोब या दोन आकड्यांवर आहे. अंडी मारता येत नाहीत, पण ती फुटेपर्यंत थांबता येतं. फुटली की पिल्लांना डिप लागू पडते, आणि ती मोठी व्हायच्या आत पुढची डिप द्यायची. म्हणून आठवड्याला एक, निदान सहा आठवडे. बाटलीवर काय लिहिलंय यापेक्षा कॅलेंडरवर काय लिहिलंय ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

(दृश्य: टेबल. तीन पांढरी भांडी, हातमोजे, चष्मा, हाडं कापायची कात्री.)

पहिल्या दिवशीचं काम असं. पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवतो, म्हणजे आतलं पाणी हळूहळू 25-26 अंशांवर येतं. तीन भांडी घेतो, तिन्हींत टाकीइतकंच खारं पाणी, लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ. पहिल्यात औषध. भांडी पांढरीच हवीत, कारण गळून पडलेला कृमी पांढऱ्यावरच दिसतो. कलम पाण्यात हलवत राहायचं, पिचकारीने प्रत्येक बेचक्यात पाणी मारायचं. उरलेली दोन भांडी धुण्यासाठी. औषधाचं पाणी फेकून द्यायचं, त्याचा थेंबही टाकीत जाता कामा नये.

मग कात्री. जुनी चकती कापून टाकायची, आणि तिच्यासोबत फांदीचा मेलेला बुडखाही. अंडी बहुतेक तिथेच असतात. नव्या कोऱ्या चकतीवर जेलसारखा सुपरग्लू लावून फांदी बसवायची. आपलं फेविक्विक ज्या जातीचं, त्याच जातीचा हा गोंद. पाण्यात तो लगेच धरतो आणि प्रवाळाला इजा करत नाही. आखूड झालेली फांदी पाहून जीव चुकचुकतो. पण हे एक काम टाळलं तर बाकी सगळी मेहनत वाया जाते, असं माझं ठाम मत आहे.

(दृश्य: हातमोजे घातलेली बोटं. बटणासारखी रंगीत झोआंथिड.)

इथे कॅमेरा थांबवून सांगतो. ही बटणं दिसायला गोड आहेत, पण यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन असतं. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी ते एक. यांना हात लावताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. ही बटणं चिकटलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका. ती वाफ श्वासात गेल्याने घरातली सगळी माणसं दवाखान्यात दाखल झाल्याच्या घटना घडल्या आहेत.

बाकीचे पाहुणे थोडक्यात. माँटिपोरा या दुसऱ्या जातीच्या प्रवाळावर तांदळाच्या कणीएवढी पांढरी, बिनशंखाची गोगलगाय येते. ती वसाहतीच्या खालच्या अंगाला राहते, म्हणून कलम उलटं करून पाहायचं. ॲक्रोपोरावर अर्ध्या मिलिमीटरचे पिवळसर किडे असतात, पाठीवर लाल ठिपका. त्यांच्यावर कुत्र्यांच्या हृदयकृमीवरचं मिल्बेमायसिन चालतं. पण ते खेकडे-कोलंब्याही मारतं आणि चपट्या कृमीला काहीच करत नाही. म्हणून आधी कीड ओळखायची, मग औषधाला हात घालायचा. आयप्टेशिया नावाचं काचेसारखं समुद्रफूल खरवडायला जाऊ नका, उरलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवं उगवतं. चकतीवर एक जरी दिसलं तरी मी ती चकती टाकून देतो.

आणि हे 76 दिवस? ते माशांसाठी. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठवतो. प्रवाळाला तो लागत नाही, पण त्याच्या गाठी चकतीवर चिकटून येऊ शकतात. मासा मिळाला नाही तर गाठीतून निघालेली पिल्लं उपासमारीने मरतात. सगळ्या गाठी फुटून संपाव्यात म्हणून छंदातली जाणती मंडळी 76 दिवस मोजतात. म्हणूनच या टाकीत मासा नाही. आणि हिची जाळी, नळी, बादली सगळं वेगळं. आमच्या घरी या बादलीला लाल पट्टी आहे आणि मुलीलाही ठाऊक आहे की ती पलीकडच्या खोलीत न्यायची नाही.

एवढ्याशा टाकीत प्रवाळ जगवणं सोपं नाही. दर आठवड्याला पाणी बदलतो, रोज बाष्प होऊन उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी घालतो, अल्कलिनिटी मोठ्या टाकीइतकीच राखतो. दिवा सुरुवातीला मंद ठेवतो, कारण प्रवासातून आलेलं प्रवाळ थकलेलं असतं. दर रविवारी डिप. आणि रोज रात्री लाल विजेरी आणि भिंग घेऊन दहा मिनिटं बुडाशी पाहतो.

(दृश्य: कॅलेंडर. फुल्या. मग मोठी टाकी, संध्याकाळ.)

76 वा दिवस. शेवटच्या चार डिपमध्ये पांढऱ्या भांड्यात काहीच पडलेलं नाही. बुडाला गोंदावरून जांभळी कातडी चढली आहे, नवी चकती जवळजवळ झाकली गेली आहे. मोठ्या टाकीत खालच्या बाजूला, सावलीकडच्या दगडावर तिला बसवतो. वर सरकवायला अजून काही आठवडे.

पहिला तासभर ती मिटलेली असते. निळा दिवा मंदावतो. मग बुडाकडून एकेक ठिपका उघडायला लागतो.