लिंबापासून बांधापर्यंत

नमस्कार, श्रोतेहो. त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हटलं की शाळेत गेलेलं कुणीही झोपेतसुद्धा सांगेल: पाया गुणिले उंची, भागिले दोन. चौकोनी रुमाल कोपऱ्याला कोपरा लावून दुमडला की निम्मा होतो, तेच हे ‘भागिले दोन’. तिथं कुणी अडत नाही. अडतं ते उंचीपाशी.

मी नववीत होते. आजोळी मामा ओढ्याकाठचा एक तिकोनी तुकडा विकत घेत होता. टोकाला कडुनिंब, म्हणून आम्ही त्याला लिंबाचं टोक म्हणायचो. शेताला गट नंबर असावाच, पण नावही असावं; थोरली पट्टी, बाभळीचं वावर ही नावं पोरांना आवर्जून सांगा. माझ्या भाच्यांना आता नुसते नंबर ठाऊक आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

तर, टेप लावला. सुटे इंच सोडून देते. बांधाची बाजू १४० फूट, ओढ्याकडची १३०, वाटेकडची १५०. मध्यस्थाने ओसरीवर बसून हिशेब केला: १४० गुणिले १३०, भागिले दोन, ९,१०० चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे सव्वाआठ गुंठ्यांच्या वर. मामाने मान डोलावली.

आजोबा म्हणाले, “अरे, ओढ्याची बाजू तिरकी पळते. उंची कुठं मोजलीत?”

विहिरीवरचे दोर जोडून त्यांनी एक टोक लिंबाच्या बुंध्याला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं. “ताणून धर आणि बांधावरून चाल. दोर सगळ्यात आखूड लागेल तिथं थांब.” ओढ्याच्या कोपऱ्यापासून निघाले. पावलागणिक दोर सैल पडायचा, मी तो कोपराभोवती गुंडाळत होते. एका जागी पुढचं पाऊल टाकलं, तर गुंडाळलेला दोर परत सुटायला लागला. मागे आले, टाच रोवली. कोपऱ्यापासून बरोबर ५० फूट. दप्तरातला गुण्या आणून लावला, तर दोर आणि बांध काटकोनात! आणि दोराची लांबी १२० फूट.

उंची म्हणजे तिरकी बाजू नव्हे. पुन्हा सांगते, तिरकी बाजू नव्हे; पायाशी काटकोन करणारं अंतर. १४० गुणिले १२०, भागिले दोन, ८,४००. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये हेच सांगितलं, लंब आणि पायाचा निम्मा भाग यांचा गुणाकार.

पाया कुठलीही बाजू चालते. १५० ची धरा, उंची ११२ येते, क्षेत्रफळ तेच. पुस्तकात पाया कायम आडवाच काढतात, ते मला मुळीच पटत नाही. पान फिरवलं की मुलं गोंधळतात.

मला मात्र नुकतंच हेरॉनचं सूत्र शिकवलं होतं. त्याला उंची लागतच नाही. तिन्ही बाजूंची बेरीज ४२०, निम्मी २१०. त्यातून एकेक बाजू वजा केली: ७०, ८०, ६०. चारही गुणून वर्गमूळ काढलं. ८,४००! मी ओसरीवरून ओरडलेच.

फरक ७०० चौरस फुटांचा, अर्ध्या गुंठ्याहून जास्त. मध्यस्थाने निमूटपणे नवा कागद घेतला. मामाने पावणेआठ गुंठ्यांहून थोडे कमी, तेवढ्याचेच पैसे दिले. माझी टाच होती तिथं आजोबांनी दगड पुरला.

घरात आठवी-नववीतलं पोर असेल, तर अंगणात तीन खुंट्या ठोका आणि दोराचं टोक त्याच्या हातात द्या. नमस्कार.